झडपांची भूमिति

मोटारगाडीचा इतिहास म्हणून जें कांहीं लिहिलें जातें, तें बहुधा कारखानदारांचें, शर्यती जिंकणाऱ्यांचें आणि हौशी धनिकांचें चरित्र असतें. कोणत्या सालीं कोणती गाडी निघाली, तिचा वेग किती होता, कोणत्या संस्थानिकानें एकदम किती गाड्या मागविल्या, हें सारें त्यांत सांपडतें. परंतु इंजिनाच्या डोक्यावरचें पत्र्याचें झांकण काढलें असतां आंत जें अविश्रांत खालींवर होत असतें, त्याची हकीकत वाचावयाची झाल्यास कारागिरांच्या तेलकट हातपुस्तकांवांचून दुसरा आधार मिळत नाहीं. वस्तुतः इंजिनाचा श्वासोच्छ्वास ज्यांच्यावर चालतो त्या झडपा आणि त्यांना दाबणाऱ्या तरफा यांच्या इतिहासांत बुद्धीला जें खाद्य आहे, तें शर्यतींच्या याद्यांत नाहीं, असें आमचें मत आहे. आणि हें मत नुसते ग्रंथ वाचून नव्हे, तर पदरचे पैसे खर्चून बनलेलें आहे.

आमच्या वडिलांनीं १९७२ सालीं घेतलेली ॲम्बॅसॅडर गाडी आमच्या दारांत अद्याप उभी आहे. ह्या गाडींतून आम्ही शाळेंत गेलों, हिच्यांतूनच आमच्या भगिनीची पाठवणी झाली, आणि वडिलांना अखेरच्या दुखण्यांत इस्पितळांत नेलें तेंही हिच्यांतूनच. चार वर्षांपूर्वीं इंजिन पार थकलें, तेव्हां आम्हीं तें उतरवून नव्यानें बांधून घेतलें. दट्ट्यांचीं कडीं नवीं, झडपा नव्या, झडपांचे गाईड नवे, झडपांच्या बैठका नव्यानें कापलेल्या, डोकें यंत्रावर घांसून सपाट केलेलें. कांहीं म्हणून बाकी ठेविलें नव्हतें. पण तीन हजार किलोमीटर होतात न होतात तोंच डोक्यांतून टकटक सुरू झाली, आणि सकाळीं इंजिन चालू करतांच मागून निळा धूर येऊं लागला. ज्या कारखान्यांत काम झालें होतें तेथील मंडळी म्हणाली, "सर, जुन्या मालांत आतां दम राहिला नाहीं. तेल बदलून पाहा." तेल बदललें. मग पुन्हां नवे गाईड बसविले. तेही वर्षाच्या आंत झिजले. आमच्या धाकट्या बंधूंनीं गाडी भंगारांत द्यावी असा सल्ला दिला, व खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं तो आम्हांला अगदींच अप्रस्तुत वाटला नाहीं. गाडी राहणार कीं जाणार हा प्रश्न अखेर ज्यावर सुटला, तो एक काटकोन आहे. आणि त्या काटकोनाचा वंश मोटारीहून पुष्कळच जुना आहे.

इ. स. १७१२ मध्यें न्यूकोमेननें इंग्लंडांत डडलीच्या किल्ल्याजवळ, खाणींतील पाणी उपसण्यासाठीं आपलें वाफेचें यंत्र उभारलें. त्यांत एक भली मोठी लांकडी तुळई मधोमध टेकूवर डोलत असे; तिच्या एका टोंकाला दट्ट्या, दुसऱ्याला पंप. येथेंच ती जुनी अडचण उभी राहिली. तरफेचें टोंक नेहमीं कंसांत फिरतें, कारण टेकूपासून त्याचें अंतर बदलत नाहीं. दट्ट्याला मात्र सिलिंडरांत सरळ रेषेंतच जावें लागतें. न्यूकोमेननें तुळईच्या टोंकाला कमानीसारखा वांक देऊन त्यावरून सांखळी सोडली व वेळ निभावून नेली. सांखळी ओढूं शकते, ढकलूं शकत नाहीं. परंतु त्याच्या यंत्रांत दट्ट्याला नुसतें ओढावयाचेंच काम असल्यामुळें तें चालून गेलें. पुढें जेम्स वॉटनें दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस वाफ सोडण्याची युक्ति काढली, तेव्हां ओढण्याबरोबर ढकलणेंही आलें आणि सांखळी निरुपयोगी ठरली. ह्या पेंचांतून त्यानें १७८४ सालीं आपल्या सुप्रसिद्ध समांतर गतीच्या सांधेजोडीनें वाट काढली. कांहीं दांडे आणि सांधे असे बसवावयाचे कीं, त्यांतील एक बिंदु जवळजवळ सरळ रेषेंत जावा. जवळजवळ, अगदीं नव्हे. तरी आपल्या सर्व यांत्रिक शोधांत वॉटला ह्या एका शोधाचा अभिमान अधिक वाटे, आणि तसें त्यानें वृद्धपणीं आपल्या मुलाला लिहून कळविलें होतें. रशियन गणिती चेबिशेव्ह ह्याच प्रश्नाच्या पाठीमागें लागला व त्यांतून गणिताची एक नवी शाखाच फुटली. अगदीं सरळ रेषा काढणारी सांधेजोड हातीं आली ती १८६४ सालीं, पोसेलिए नांवाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियराकडून. कंस आणि सरळ रेषा यांचें हें भांडण मिटवावयास माणसाला अशीं दीडशें वर्षें लागलीं.

मोटारीच्या इंजिनांत हेंच भांडण बोटाएवढें लहान होऊन पुन्हां आलें. प्रथम मात्र त्याचा मागमूस नव्हता. ऑटोनें १८७६ सालीं चार धांवांचें इंजिन सिद्ध केलें, त्याचे फेरे मिनिटाला दोनशेंच्याही आंत, व त्यांत वायु आंत घेण्याचें काम एक सरकती पट्टी करी. डायम्लर आणि मायबाख यांनीं १८८५ सालीं जें लहान व चपळ इंजिन केलें तें मिनिटाला सुमारें ६०० फेरे घेई. त्यांत वायु आंत घेणाऱ्या झडपेला कोणी ढकलीतच नसे. दट्ट्या खालीं जातांना जी ओढ उत्पन्न होई तीच हलक्या स्प्रिंगेवर मात करून झडप उघडी. द दियों-बूतों यांच्या हजारों लहान इंजिनांतही हीच पद्धत होती. ज्या झडपेला कोणी ढकलीत नाहीं, तिच्या भूमितीचा प्रश्न तो काय असणार! पण फेरे वाढले तशी ही स्वयंसेवक झडप उशिरां उघडूं लागली, थरथरूं लागली. आणि १९०१ च्या सुमारास मायबाखनें आपल्या नव्या मर्सिडीज गाडींत दोन्ही प्रकारच्या झडपा यंत्रानें, म्हणजे कॅमच्या उंचवट्यानें, उघडण्याची व्यवस्था केली. तेव्हांपासून स्वयंसेवकांचे दिवस भरत आले.

त्यानंतर पुष्कळ वर्षें राज्य केलें तें बाजूच्या झडपांनीं. ह्या इंजिनांत झडप सिलिंडराच्या शेजारीं, तोंड वर करून उभी असते. तिच्या बरोबर खालीं कॅम आणि मध्यें टॅपेट. तिन्ही एका सरळ रेषेंत. तरफ नाहीं म्हणून कंस नाहीं, आणि कंस नाहीं म्हणून भांडण नाहीं. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक निघालेली फोर्डची मॉडेल टी गाडी ह्याच जातीची. तिच्यांत झडपेची मोकळीक जुळविण्यासाठीं साधा स्क्रूदेखील नव्हता. मोकळीक कमी झाली तर झडपेच्या दांड्याचें टोंक कानशीनें वा चाकावर घांसावयाचें, कीं झालें. शेतकऱ्यानें आपल्या गोठ्यांत बसून करावें असें हें काम होतें, व तो तें करीतही असे. ह्या साधेपणाची किंमत दुसरीकडे द्यावी लागे. झडपा बाजूला असल्यामुळें जळणाची पोकळी आडवी पसरे, वायूला वळणें घ्यावीं लागत, दाब फार वाढवितां येत नसे. रिकार्डो नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १९१९ च्या सुमारास डोक्याचा आकार बदलून अशा इंजिनांना नवें आयुष्य दिलें खरें; पण झडपा वर नेल्याखेरीज गति नाहीं हें एव्हांना जाणत्यांना कळून चुकलें होतें.

झडपा वर नेणाऱ्यांत अमेरिकेंतील ब्यूक कंपनी अग्रभागीं होती. तिच्या १९०४ च्या गाडींतच त्या वर होत्या. शेव्हरोलेनें १९२९ सालीं सहा सिलिंडरांचें स्वस्त इंजिन काढलें, त्यांतही झडपा वरच्याच; आणि त्या कंपनीची मालक जी जनरल मोटर्स, तिचा जोडणीचा कारखाना मुंबईंत शिवडीला १९२८ सालींच निघाला होता. तेव्हां आमच्याकडील मिस्त्रीलोकांची रॉकरशीं ओळख कांहीं आजची नव्हे.

रॉकर म्हणजेच ती न्यूकोमेनची तुळई. कॅम खालीं इंजिनाच्या पोटांत असतो. तो टॅपेटला, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोंकाला वर ढकलतो. तेणेंकरून दुसरें टोंक खालीं येऊन झडपेला दाबतें. झडप आपल्या गाईडांत सरळ रेषेंत खालीं जाते, रॉकरचें नाक कंसांत. वॉट असता तर त्यानें येथें आणखी दोन सांधे घातले असते. परंतु मिनिटाला हजारों वेळां हलणाऱ्या यंत्रांत प्रत्येक जादा सांधा म्हणजे जादा वजन, आणि जादा वजन म्हणजे शत्रु. म्हणून अभिकल्पकांनीं तडजोड पत्करली. रॉकरच्या नाकानें झडपेच्या माथ्यावर थोडें घसरावें. हें घसरणें शक्य तितकें कमी असावें, एवढेंच पाहिलें.

तें कमी कसें करावयाचें हें शाळेंतील भूमितीनेंच कळतें, व वाचकांपैकीं ज्यांना पायथागोरसाचा सिद्धांत आठवत असेल त्यांनीं तें कागदावर करून पाहण्यासारखें आहे. हिशोबाकरितां असें धरूं कीं, रॉकरच्या टेकूपासून त्याच्या नाकापर्यंतचें अंतर ३६ मिलिमीटर आहे आणि झडप एकंदर ९ मिलिमीटर उघडते. आतां झडप मिटलेली असतांना टेकू आणि नाक यांना जोडणारी रेषा झडपेच्या दांड्याशीं काटकोन करील अशी मांडणी केली, तर झडप पुरती उघडेपर्यंत नाक माथ्यावरून सुमारें १.१४ मिलिमीटर सरकतें. पण तोच काटकोन झडप अर्धी उघडली असतांना, म्हणजे साडेचार मिलिमीटरांवर, साधला तर नाक थोडें पुढें जाऊन तितकेंच मागें येतें आणि एकूण सरकणें अवघें ०.२८ मिलिमीटर, म्हणजे चौथाई होतें. कोठेंही धातु वाढविला नाहीं, तेल बदललें नाहीं. केवळ काटकोन कोठें पडावा हें बदललें. येथें एक सूक्ष्म गोष्ट विसरूं नये. रॉकरचें नाक टोंकदार नसून गोलाईचें असतें, व म्हणून रेषा ओढावयाची ती त्या गोलाईच्या मध्यबिंदूपर्यंत. झडपेला जेथें स्पर्श होतो त्या बिंदूपर्यंत नव्हे. चांगलेचांगले कारागीर ह्या ठिकाणीं चकतात.

एक मिलिमीटर इकडे कीं तिकडे, त्याचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. परंतु हें सरकणें मोकळें नसतें. स्प्रिंगेच्या जबर दाबाखालीं असतें. नाक सरकतांना घर्षणानें झडपेचा माथा बाजूला ओढतें, आणि ती ओढ शेवटीं गाईडाच्या वरच्या व खालच्या कांठांवर पडते. गाईड लंबगोल झिजतो. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचें तेल त्या फटींतून खालीं उतरतें, आणि सकाळीं निळा धूर निघतो. आमचे दोन वेळां बदललेले गाईड निकृष्ट नव्हते. ते शिक्षा भोगीत होते, आणि गुन्हा दुसऱ्याचा होता.

ह्या कटकटींतून अजीबात सुटण्याचेही प्रयत्न झाले. नाइट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें झडपाच काढून टाकून सिलिंडरांत सरकत्या नळ्या घातल्या. इंग्लंडच्या डायम्लर कंपनीनें १९०८ सालीं ती पद्धत उचलली, व तिच्या गाड्या फार शांत चालत, मात्र तेल भारी पीत. प्यूजोनें १९१२ सालीं दिएपच्या शर्यतींत दोन कॅमशाफ्ट थेट डोक्यावर बसविलेलें इंजिन उतरवून जय मिळविला. पुशरॉड आणि डोलता रॉकर दोन्ही त्यांत नव्हते. १९४८ च्या जॅग्वारनें तीच परंपरा चालविली. परंतु हे थोरामोठ्यांचे मार्ग झाले. सामान्य माणसाच्या गाडींत रॉकर राहिला तो राहिलाच. आपल्याकडे पुष्कळ वर्षें रस्त्यांवर ज्यांचें राज्य होतें त्या दोन्ही गाड्या रॉकरवाल्याच. कुर्ल्याला प्रीमियर कंपनी जी फियाट व पुढें पद्मिनी बांधी, तिचें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन दान्ते जिआकोसानें १९३७ च्या गाडीसाठीं केलेल्या इंजिनाचा थेट वंशज होतें.

ॲम्बॅसॅडरची कथा याहून मौजेची. ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली तिच्यांत विलायतेस वरच्या झडपांचें इंजिन होतें. पण आपल्याकडे १९५७ सालीं जी पहिली ॲम्बॅसॅडर निघाली तिच्यांत शरीर नवें आणि काळीज जुनें, बाजूच्या झडपांचें, १४७६ घनसेंटिमीटरांचें घातलेलें होतें. दोनएक वर्षांनीं ती चूक सुधारून १४८९ घनसेंटिमीटरांचें वरच्या झडपांचें इंजिन आलें. ज्या डोक्याच्या पोकळीवर वेस्लेकसारख्या तज्ज्ञाचा हात फिरला होता, असें तें इंजिन आहे; आणि आमच्या गाडींत तेंच आहे.

आतां आमच्या दुखण्याकडे वळूं. कारखान्याच्या मंडळींनीं दुसऱ्या खेपेस एक गोष्ट मोठ्या आत्मविश्वासानें केली होती. डोकें घांसून पातळ झालें, म्हणून पुशरॉड लांब पडतात, म्हणून भूमिति बिघडली, असें म्हणून त्यांनीं आंखूड पुशरॉड करवून घेतले. हें ऐकावयास शास्त्रशुद्ध वाटतें. अमेरिकन पुस्तकांत असेंच लिहिलेलेंही आढळतें. पण तीं पुस्तकें कोणत्या इंजिनासंबंधीं बोलतात हें पाहावयास नको काय? १९५५ सालीं शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत दाबून केलेल्या पत्र्याचा रॉकर आला. तो दांड्यावर डोलत नाहीं. प्रत्येक रॉकराला स्वतंत्र खुंट, त्यावर अर्धगोलासारखा टेकू, आणि तो टेकू नटानें खालींवर करतां येतो. तेथें पुशरॉड लांब घेतला तर टेकू वर चढतो, आंखूड घेतला तर खालीं उतरतो. म्हणून काटकोन कोठें पडणार हें पुशरॉडाच्या लांबीवरच ठरतें. ॲम्बॅसॅडर, फियाट व त्यांच्यासारख्या विलायती गाड्यांत सगळे रॉकर एका आडव्या दांड्यावर ओंवलेले असतात, आणि तो दांडा डोक्यावर पक्क्या बसविलेल्या खांबांत अडकविलेला असतो. येथें टेकूची उंची पुशरॉडाच्या हातांत नाहीं. झडप मिटलेली, दांडा स्थिर. मग नाक झडपेच्या माथ्यावर टेकलें कीं रॉकरचा कोन ठरून गेला. पुशरॉड लांब असो वा आंखूड, फरक पडतो तो मागच्या बाजूच्या स्क्रूला किती फेरे द्यावयाचे एवढ्यांतच. शिवाय डोकें घांसल्यानें झडपा आणि रॉकरचे खांब दोन्ही बरोबरच खालीं येतात. त्यांचें आपसांतलें नातें तसेंच राहतें. आंखूड पुशरॉडांनीं स्क्रू ठिकाणावर आला, हें मान्य. भूमितीला मात्र त्यांचा स्पर्शही झाला नव्हता.

मग ती बिघडली कशानें? ह्याचें उत्तर देणारे मिस्त्री आमच्या गांवांतील एका बोळांत, पत्र्याच्या छपराखालीं बसतात. सत्तरी उलटलेली आहे. गणिताचें नांव काढलें कीं हात जोडतात. आम्हीं वरील आकडेमोड त्यांना दाखविली तेव्हां ते म्हणाले, "सर, तुमचा कागद बरोबर असंल. पन इंजिन काय म्हनतंय ते आधी बघू." त्यांनीं शेंदूर तेलांत कालविला, झडपेच्या माथ्यांना बोटानें लावला, मोकळीक जुळविली आणि इंजिन हातानें दोन फेरे फिरविलें. रॉकर बाजूला करून पाहतों तों माथ्यावरची पुसलेली खूण बारीक रेघेसारखी असावयाची ती चांगली रुंद पट्टी झालेली, आणि दांड्याच्या बाजूला सरकलेली. नंतर त्यांनीं रॉकरच्या नाकांवरून नख फिरवून दाखविलें. प्रत्येक नाकाला जुन्या झिजेचा खळगा पडला होता. नवी झडप, जुनें खळगेदार नाक! मोकळीक मोजावयाची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते, म्हणून मोजमाप बरोबर दिसतें आणि खरी मोकळीक जास्त राहते. आमची टकटक ती हीच.

आणि मुख्य गोष्ट झडपांच्या बैठकांची. येथें इतिहासाचा एक वेगळाच धागा येऊन मिळतो. अमेरिकेंत १९२१ सालीं मिजलीनें पेट्रोलांत शिशाचें संयुग घालून इंजिनाचा ठोका थांबविण्याचा शोध लावला. त्या शिशाचा थर बिडाच्या बैठकांवर बसून त्यांचें झिजण्यापासून रक्षणही करी. हा लाभ न मागतां मिळालेला. शिसें माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूला घातक असल्यामुळें तें गेलें हें उत्तमच झालें. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून तें देशभर बंद झालें. पण जुन्या बिडाच्या डोक्यांतील बैठका तेव्हांपासून उघड्या पडल्या. त्या झिजतात, झडप वर डोक्यांत शिरत जाते, आणि तिचें दुसरें टोंक, म्हणजे माथा, तितकाच वर येतो. त्यांत आमच्या कारखान्यानें बैठका पुन्हां खोल कापल्या होत्या. मिस्त्रींनीं मोजलें तों माथे सुमारें दीड मिलिमीटर वर आलेले. हा आंकडा आमच्या कागदावर घातला तर सरकणें ०.२८ वरून ०.५० मिलिमीटरवर, म्हणजे पावणेदोनपटीवर जातें. त्यांत नाकांचे खळगे धरलेच नाहींत. कागद आणि शेंदूर यांचें असें एकमत झालें, आणि आम्हां दोघांनाही बरें वाटलें.

उपाय सांगावयास फार वेळ लागत नाहीं. करावयास पांच आठवडे लागले. डोक्यांत कठीण धातूच्या नव्या बैठका बसविल्या, त्यामुळें झडपा बऱ्याचशा मूळ पातळीवर आल्या. माथे घांसून आंखूड करण्याची सूचना एका तरुण कारागिरानें केली होती, ती मिस्त्रींनीं मानली नाहीं. माथ्यावरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला कीं खालचा मऊ धातु लोण्यासारखा झिजतो. रॉकर नवे घेतले. तरीही अर्ध्या उचलीवर काटकोन थोडा चुकत होता, तेव्हां रॉकरच्या खांबांखालीं अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या घातल्या. त्यांतील एकीला भोंक ठेवावें लागलें, कारण एका खांबाच्या आंतूनच रॉकरांना तेल चढतें, व तें भोंक विसरलें तर सगळी भूमिति कोरडी जळून जाते. पुन्हां शेंदूर लावला. ह्या वेळीं खूण माथ्याच्या मध्यावर, नखाच्या कांठाएवढी बारीक आली. मिस्त्रींनीं ती बराच वेळ पाहिली आणि झांकण लावण्यापूर्वीं आम्हांलाही वांकून पाहावयास लावलें.

त्यास आतां दोन वर्षें झालीं आणि अकरा हजार किलोमीटर झाले. धूर नाहीं, टकटक नाहीं. गेल्या दिवाळींत आमचे बंधु तीच गाडी घेऊन साताऱ्यास जाऊन आले. भंगाराचा विषय त्यांनीं काढला नाहीं. चालकाच्या बैठकींतली स्प्रिंग टोंचते, तेवढी बदलून घ्या, असें मात्र बजावून गेले.